नव्याने आलेल्याला विचारा

मे महिना लागला की घरोघरी पाहुणे जमतात. मुंबईचा मामा येतो, नागपूरची आत्या येते, बेंगळुरूला नोकरी करणारा चुलतभाऊ चार दिवसांची रजा काढून येतो, कोल्हापूरचे मेहुणे येतात. आमरसाच्या वाट्या रिकाम्या होईपर्यंत विषय निघालेला असतो: राहायला शहर कुठले चांगले? मुंबईचा मामा सांगतो, आमच्याकडे रात्री बारालाही गाडी मिळते आणि कुणी कुणाच्या उठाठेवी करत नाही. पुणेकर हवा, शाळा-कॉलेजे, सवाई गंधर्व आणि टेकड्या पुढे करतो. नागपूरची आत्या रुंद रस्त्यांचे, दाट झाडांचे आणि पाहुण्याला जेवल्याशिवाय न सोडणाऱ्या माणसांचे कौतुक करते. उन्हाचा विषय काढला तर कूलरपुढे बसा आणि तर्री-पोहे खा, म्हणते. कोल्हापूरकर फार वाद घालत नाही. जगात भारी कोण, हे त्याच्या लेखी कधीच ठरलेले असते.

पु. ल. देशपांडे यांनी मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर यांच्यावर लिहिले त्याला कित्येक दशके झाली. आजही लोक ते ऐकतात, कारण वाद अजून मिटलेला नाही आणि तो मिटावा असे कुणालाही वाटत नाही. आम्हालाही वाटत नाही. जातीचा अभिमान जन्माबरोबर चिकटतो. शहराचा अभिमान मात्र कमावता येतो. दहा वर्षे लोकलने प्रवास केलेला आझमगडचा किंवा आटपाडीचा माणूस मुंबईकर होतो आणि मुंबईसाठी हिरिरीने भांडतो. बाहेरून आलेल्याला असे सामावून घेणारा अभिमान आपल्या देशात फार थोडा आहे. तो जपायला हवा.

आज १ मे. महाराष्ट्र राज्याचा स्थापना दिन आणि कामगार दिनही. हे दोन दिवस एकाच तारखेला येतात आणि त्यांचे नातेही जवळचे आहे. मुंबईसह महाराष्ट्रासाठी फ्लोरा फाउंटनला आणि गिरणगावात ज्यांनी गोळ्या झेलल्या त्यांत कामगार होते. त्यांतले बरेचजण कोकणातून, साताऱ्यातून, घाटावरून पोटासाठी आलेले, चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे लोक होते. मुंबई कुणाची, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी रक्ताने दिले. म्हणून शहरांच्या वादावर लिहायला आजच्यासारखा दिवस नाही. आम्हाला एकच विचारायचे आहे: आपले शहर चांगले, असे आपण म्हणतो तेव्हा ते कुणासाठी चांगले असते?

या वादाला मध्यंतरी सरकारी आकडेही मिळाले. केंद्राच्या नगरविकास खात्याने २०१८ मध्ये राहणीमान सुलभतेचा निर्देशांक काढला, १११ शहरे तपासली. पुणे पहिले, नवी मुंबई दुसरी, बृहन्मुंबई तिसरी आली. पुण्यात फलक लागले. पुढचा निर्देशांक २०२१ च्या मार्चमध्ये आला. त्यात दहा लाखांवरच्या शहरांमध्ये बेंगळुरू पहिले आणि पुणे दुसरे आले, तर मुंबई दहाव्या क्रमांकावर गेली. दहा लाखांखालच्या शहरांत शिमला पहिले ठरले. खुद्द लोकांच्या मताला त्यात ३० टक्के वजन होते, ही चांगली गोष्ट होती. पण पहिल्या आलेल्या शहरांत पुढेमागे काय घडले, तेही पाहू. शिमल्यात २०१८ च्या मे महिन्यात ऐन पर्यटनाच्या दिवसांत नळ कोरडे पडले होते, लोक हंडे-बादल्या घेऊन रस्त्यावर उतरले होते. पुण्यात २०२५ च्या जानेवारीत गुइलेन बारे सिंड्रोमची साथ पसरली, दोनशेच्या आसपास रुग्ण आढळले. त्यांतले बहुसंख्य सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड गाव, किरकिटवाडी, धायरी या भागांतले होते आणि बोट पाण्याकडे वळले. खडकवासला धरण तिथून हाकेच्या अंतरावर आहे. स्वच्छतेच्या सर्वेक्षणात २०१७ पासून सतत अग्रभागी राहिलेल्या इंदूरमध्ये २०२५ च्या अखेरीस भगीरथपुरा वस्तीत मैला मिसळलेले पाणी पिऊन माणसे दगावली.

इंदूर हे मराठी माणसालाही आपलेच वाटणारे शहर आहे. होळकरांच्या काळापासून तिथे मराठी घरे नांदत आहेत. त्या शहराने कचऱ्याच्या बाबतीत जे करून दाखवले त्याचे मोल आम्ही कमी करत नाही. ओला-सुका कचरा दारातच वेगळा घेणे आणि तो वेगळाच राखणे ही अवघड गोष्ट आहे. पण पहिला क्रमांक पूर्ण शहराला मिळतो आणि दूषित पाणी एका वस्तीला. सरासरी काढताना ती वस्ती बुडून जाते.

आपल्या घरच्या वादातही असेच होते. वाद घालणारे बहुतेकजण त्या शहरात घर असलेले, निदान पत्ता असलेले असतात. पुण्याच्या हवेचे गोडवे गाणाऱ्याचे घर बहुधा टेकडीच्या जवळ असते. मुंबईच्या वेगाचे कौतुक करणारा सकाळी आठच्या विरार गाडीत शिरण्याची धडपड रोज करत असेलच असे नाही. शिवाय आपण ज्यांचा अभिमान सांगतो त्यांतले बरेचसे आपण केलेले नसते. पुण्याची हवा सह्याद्रीने दिली, मुंबईचा समुद्र कुठल्याच महापालिकेने खणला नाही, तांबडा-पांढरा रस्सा आजीच्या हाताचा आहे. या गोष्टींवर प्रेम जरूर करावे. शहराची परीक्षा मात्र त्यांवर करता येत नाही.

ती करायची तर नव्याने आलेल्याला विचारावे. हातात एक बॅग, खिशात महिन्याभराचे पैसे, ओळखीचा एखादा फोन नंबर आणि काम शोधायची तयारी, एवढ्यावर जो आज सकाळी शहरात उतरला, त्याला या शहराने कसे घेतले? रात्री कुठे झोपवले? पोटभर जेवायला किती पैसे घेतले? आजारी पडला तर कोणत्या दारात उभे केले?

पहिला प्रश्न खोलीचा असतो. पुण्यात सदाशिव पेठेत, नव्या पेठेत, शास्त्री रस्त्याच्या बाजूला बीड, परभणी, लातूर, नांदेडकडून स्पर्धा परीक्षेसाठी आलेली मुले-मुली राहतात. एका खोलीत चार, कधी पाच खाटा. भाडे खोलीचे नाही, कॉटचे. खाटेखाली लोखंडी ट्रंक, भिंतीवर खिळ्याला अडकवलेले कपडे आणि राज्यघटनेच्या कलमांचा तक्ता, उशाशी पाण्याची बाटली. खोलीत अभ्यासाला जागा नाही म्हणून अभ्यासिकेची वेगळी फी, स्वयंपाकाला जागा नाही म्हणून मेसचे वेगळे पैसे. घरी केलेल्या प्रत्येक फोनमध्ये ही मुले सांगतात, सगळे ठीक आहे. शहरातल्या कितीतरी चहाच्या टपऱ्या, मेस आणि झेरॉक्सची दुकाने यांच्यावर चालतात. तरी शहराच्या नियोजनाच्या नकाशात त्यांच्यासाठी जागा शोधायला गेले तर सापडत नाही.

ज्यांना खोलीऐवजी फ्लॅट हवा असतो त्यांची वाट वेगळी. फोनवर आधी विचारले जाते, फॅमिली की बॅचलर? मग आडनाव काय? मग कुठले? मग खाण्याचे काय, नॉनव्हेज करता का? मुंबईत, पुण्यात, बेंगळुरूत, अहमदाबादेत हे प्रश्न सारखेच आहेत. आडनाव सांगितल्यावर जागा कालच गेली असे उत्तर येते आणि ऐकणाऱ्याला कारण कळलेले असते. मुसलमान तरुणाला, दलित मुलीला, ईशान्येकडून आलेल्या नर्सला, एकट्या राहणाऱ्या बाईला हे उत्तर कितीदा ऐकावे लागते याची मोजदाद कुठल्या निर्देशांकात नाही. आमच्या मते शहराची सगळ्यात मोठी परीक्षा याच फोनवर होते आणि आपली बहुतेक शहरे तिथेच नापास होतात.

हे असेच चालत आले आहे असेही नाही. कोल्हापूरला वसतिगृहांचे माहेरघर म्हणतात ते उगाच नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली किंवा उभी राहायला मदत केली: मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. खेड्यातला मुलगा शिकायचा तर त्याला शहरात आधी झोपायला आणि जेवायला जागा हवी, ही साधी गोष्ट त्या राजाला कळली होती. त्याने त्यासाठी जमिनी दिल्या, पैसा दिला. कोल्हापूरकराने वादात रस्सा आणि चप्पल बाजूला ठेवून बोर्डिंगांचे नाव घ्यावे, त्याच्यासमोर आम्ही सगळे गप्प बसू. पुण्यातही १९५५ मध्ये विद्यार्थी सहायक समिती सुरू झाली आणि खेड्यापाड्यांतली कितीतरी मुले तिच्या वसतिगृहांत राहून शिकली. हमाल पंचायतीने बाबा आढावांच्या पुढाकाराने १९७४ मध्ये कष्टाची भाकर सुरू केली; स्वस्त, ताजे, घरच्यासारखे जेवण, हमालापासून विद्यार्थ्यापर्यंत सगळ्यांसाठी. पुणे तिथे काय उणे, असे म्हणण्याचा खरा हक्क पुण्याला या गोष्टींनी दिला. पेठेतल्या वाड्यांनी शिकायला आलेल्या मुलांना वारावर जेवायला घातले त्याचाही यात वाटा आहे, जरी तो वार तेव्हा जात पाहून मिळत असे.

आणि ज्यांनी मुंबईसाठी गोळ्या झेलल्या त्या गिरणी कामगारांचे काय झाले? १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरण्या हळूहळू बंद पडल्या, जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे राहिले. घराची वाट पाहत कामगार म्हातारे झाले, अनेकजण गेले, आता त्यांचे वारस चकरा मारतात. २०२५ च्या जुलैत ते आझाद मैदानावर जमले होते, कारण त्यांना घरे मिळणार ती मुंबईत नव्हे, शेलू आणि वांगणीला. ज्यांनी हे शहर राज्याला मिळवून दिले त्यांना शहराबाहेर दूरवर पाठवायचे आणि दरवर्षी १ मे रोजी हुतात्मा चौकात फुले वाहायची, हे आम्हाला पटत नाही.

मुंबईविरुद्धची तक्रार इथेच संपत नाही. भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी देणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर या दिवसांत बायका टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगा लावतात. २०११ च्या जनगणनेत मुंबईतले ४० टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहत होते. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ धावत्या लोकलच्या दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडून दगावले.

तरीही मुंबईबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. रात्री साडेअकराला चर्चगेटहून सुटणाऱ्या गाडीच्या लेडीज डब्यात पाहा. हॉटेलातली पाळी संपवून निघालेली मुलगी असते, रुग्णालयातली नर्स असते, भाजीच्या रिकाम्या टोपल्या घेऊन बसलेल्या मावश्या असतात. डब्यात पोलीस असतो. कुणी दारात उभे राहून केस मोकळे सोडते, कुणी मोबाइलवर मुलाला भात गरम करून खा म्हणून सांगते, एखादी शेंगा सोलून उद्याची भाजी आताच निवडून ठेवते. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली पूर्ण लेडीज स्पेशल गाडी सुरू झाली, पण बायका नोकरीला निघाल्या म्हणून डबे आणि गाड्या वाढवत नेण्याची सवय त्या शहराला त्याआधीपासून आहे. इतक्या रात्री, इतक्या कमी पैशात, इतक्या दूर बाईला एकटीला जाता येते असे शहर देशात दुसरे शोधावे लागेल. पुण्यात रात्री साडेनऊनंतर बसची वाट पाहणाऱ्या मुलीला हे समजावून सांगायची गरज नाही.

आणि परळ. केईएम रुग्णालयाला यंदा शंभर वर्षे झाली. १९२६ मध्ये ते आणि सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज सुरू झाले तेव्हा देणगीदारांची अट होती की तिथले डॉक्टर भारतीयच असावेत. आज तिथल्या बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत सिंधुदुर्गचा शेतकरी आणि उत्तर प्रदेशातल्या बस्तीचा गवंडी एकामागे एक उभे असतात. समोरच्या टाटा रुग्णालयात बंगाल, बिहार, ईशान्य भारतातून कॅन्सरचे रुग्ण येतात, नातेवाईक पदपथावर चटई पसरून दिवस काढतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत काहींना जागा मिळते, जेवण मिळते. पदपथावर झोपावे लागते ही शरमेची गोष्ट आहे. पण देशभरच्या गरिबाला आजारपणात पहिले नाव मुंबईचेच आठवते, याचे कारण तिथे महापालिकेने शंभर वर्षे रुग्णालये चालवली. हवा-पाण्याने हे दिले नाही. माणसांनी केले, कराच्या पैशातून केले.

केले तर होते, याचा आणखी एक दाखला सुरतेचा. १९९४ च्या सप्टेंबरात तिथे प्लेगची साथ आली आणि लाखो लोक मिळेल त्या गाडीने पळाले. त्यांत खानदेशातून यंत्रमागावर आणि हिरे-कापडाच्या धंद्यात गेलेले जळगाव-धुळ्याकडचे मजूरही होते. पुढल्या वर्षी एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांनी अधिकाऱ्यांना सकाळी कार्यालयात न बसवता वॉर्डात पाठवले, बड्यांची अतिक्रमणे आधी पाडली, झोपडपट्टीत गटारे आणि फरसबंदी केली. दोनेक वर्षांत शहराचा चेहरा पालटला आणि तेच सुरत आज इंदूरशी पहिल्या नंबरासाठी झुंजते. लिंबायत, उधना भागांत आजही घरोघरी अहिराणी ऐकू येते. पळून गेलेला खानदेशी माणूस परत तिथे गेला आणि राहिला, यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र शहराला कुठले हवे?

शहरांनी एकमेकांशी भांडावे ते अशा गोष्टींवरून. दिल्लीने २०१९ मध्ये बायकांना बसचा प्रवास मोफत केला. तमिळनाडूने २०२१ मध्ये साध्या बसमध्ये केला, कर्नाटकाने २०२३ मध्ये. चेन्नईतली धुणीभांडी करणारी बाई आज दोन वस्त्या पलीकडचे काम धरू शकते. आमच्या राज्यात एसटीला बायकांसाठी निम्मे तिकीट झाले, त्याचे स्वागत. पण शहरांतल्या बसचे काय? २०२५ च्या मे-जूनमध्ये मुंबईत बेस्टने आणि पुण्यात पीएमपीने किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये केले. ज्यांच्या खिशाला पाच रुपयांनी फरक पडतो, त्यांच्यासाठी शहर त्या दिवशी थोडे लहान झाले. या बाबतीत चेन्नई आमच्या पुढे गेली, हे पुणेकर-मुंबईकरांना झोंबले पाहिजे. बायकांच्या स्वच्छतागृहांची गोष्ट तर त्याहून जुनी. मुंबईत राइट टू पी चळवळीच्या कार्यकर्त्या २०११ पासून साधी मागणी करत आहेत: पुरुषांना मुतारी फुकट, तर बायकांकडून पैसे का? बाजारात दिवसभर बसणारी भाजीवाली पाणी कमी पिते, ते का, हे प्रत्येक शहराच्या महापौराने एकदा तिच्याशेजारी बसून विचारावे.

विचारायला महापौर मात्र हवा. राहण्याजोगे शहर कोणते म्हणून ज्या तीन शहरांत चुरस, त्या मुंबई, पुणे आणि बेंगळुरूने अलीकडची वर्षे कशी काढली? बेंगळुरूत २०२० च्या सप्टेंबरपासून पाच वर्षांहून अधिक काळ निवडून आलेले सभागृह नव्हते. मुंबई आणि पुण्याच्या सभागृहांची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षे प्रशासकांनी कारभार पाहिला. पाणी तुंबले, पदपथ खचला, दवाखान्यात औषध नाही, तर दार ठोठवायला नगरसेवक नाही. ७४ वी घटनादुरुस्ती होऊन तीन दशके उलटली तरी शहराचा कारभार शहराने करावा हे आपण पुरते मान्य केलेले नाही. अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झाले. नवी सभागृहे आता बसली आहेत. क्षेत्रसभेची तरतूद राज्याच्या कायद्यात २००९ पासून आहे. मतदारांनी आपल्या भागात एकत्र बसून पाणी, कचरा, रस्त्याचा हिशेब मागावा अशी ती तरतूद. ती कागदावरून खाली उतरवायची जबाबदारी या सभागृहांची आहे आणि त्यांना त्याची आठवण देण्याची आपली.

मत विचाराल तर, पुण्यात बसून लिहीत असूनही, नव्याने आलेल्या माणसासाठी आजच्या घडीला आम्ही मुंबईला वरचा क्रमांक देतो: तिच्या रात्रीच्या गाडीसाठी आणि तिच्या महापालिकेच्या रुग्णालयांसाठी. घराच्या बाबतीत ती सपशेल हरते आणि गिरणी कामगारांच्या घरांचा प्रश्न शहरातच सुटेपर्यंत हरलेलीच राहील. पुणेकरांना हा निकाल मान्य नसेल, तर तो खोडून काढायला वेळ आहे. पुण्याच्या नव्या नगरसेवकांनी पुढच्या १ मे पर्यंत तीन गोष्टी कराव्यात: रात्री अकरापर्यंत मुख्य मार्गांवर बस, महापालिका हद्दीत समाविष्ट झालेल्या गावांना शुद्ध केलेले पाणी आणि बाहेरगावच्या विद्यार्थिनींसाठी महापालिकेचे एक तरी वसतिगृह. वाचकांनी आपापल्या प्रभागाच्या नगरसेवकाला ही यादी या आठवड्यात लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.